एर्देनेतला बदली

बदलीचं पत्र आलं तेव्हा नकाशा उघडून
आधी बघितलं, समुद्र कुठल्या अंगाला आहे.
कुठल्याच नव्हता.

मी हापाईचा. बापाची होडी
आमच्या पायरीलाच बांधलेली असते.
आणि हे तांब्याच्या खाणीचं गाव,
नाकातला श्वास मिशीवर गोठतो,
मिशी तरी कुठे, एकोणिसाव्या वर्षीची ती लव.
दोन सदरे, काळा कोट, छातीवर नावाची पट्टी,
तिच्यावरची अक्षरं मलाच लागत नाहीत.
लोपेती लिहिलंय म्हणे.

जोडीदार गानतुल्गा इथल्याच मुलखातला.
त्याचे आठ आठवडे उरलेत,
बूट काढण्याआधी तो कॅलेंडरवर फुली मारतो.
त्यानं शिकवलेलं पहिलं वाक्य
देवाच्या प्रेमाबद्दलचं नव्हतं.
टेकडीवरच्या फळ्यांच्या कुंपणाबाहेर थांबायचं,
फाटकाला हात लावायचा नाही,
आणि पोटातून ओरडायचं: नोखोई खोर!
कुत्रा धरा!

नऊ दिवस आम्हाला
कुत्र्यांशिवाय कुणी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी दुल्मा बाहेर आली.
माझ्या खांद्यांकडे बघून गानतुल्गाला म्हणाली,
जसं घोड्याबद्दल विचारावं,
"ओझं उचलतो का हा?"

पाण्याची टपरी उताराच्या तळाशी.
चाळीस-चाळीस लिटरचे दोन डबे, हातगाडीचं एक चाक तिरकं,
वर येईतो बाहेर सांडलेलं पाणी
हातमोज्यावर काच होऊन बसतं.
धर्म सांगायला आलेला मी
दुल्माच्या घरी पाणी भरतो,
मंगळवारी आणि शुक्रवारी.

ती चहा देते, दुधाचा, मीठ घातलेला.
पहिल्या घोटाला तोंडात समुद्र आला,
असं मी आईला लिहिलं.
खरं तर मळमळलं होतं.

तिसऱ्या शुक्रवारी गोष्ट सांगितली.
माझ्याकडे साठेक शब्द, त्यांत 'चमत्कार' नव्हता.
म्हणून तुकडे केले:
रात्र. वारा. होडी.
तो आला. पाण्यावरून. चालत.

दुल्मा कणीक मळत होती.
"कुठल्या महिन्यात?"

गानतुल्गा मफलरमध्ये खोकला.
ती खरंच विचारत होती.

उत्तरेला मोठं सरोवर आहे, तिकडचे लोक
त्याला समुद्र-आई म्हणतात.
तिचा नवरा चुलूनबात
हिवाळ्यात त्याच्यावरून ट्रक न्यायचा, डिझेलची पिंपं भरून.
दार उघडं ठेवून चालवायचा,
खालचं बर्फ बोललंच तर उडी मारता यावी.
अकरा हिवाळे चालवला.
"मी म्हटलं होतं त्याला, मार्च लागलाय."

पुढे ती बोलली नाही. चुलीत कोळसा घातला.
मग पीठाच्या हातानंच विचारलं,
"आणि तुझ्या गोष्टीत? कुणीच बुडालं नाही?"

एक बुडायला लागला होता, मी म्हणालो.
घाबरला. हाक मारली.

"मग?"

मग त्यानं धरलं.
धरणे हे क्रियापद मला
कुत्र्यामुळेच येत होतं, दुसरं नव्हतं.
ते आवरून धरायचं, बांधून ठेवायचं धरणं,
हात धरण्याचं नव्हे, हे मला
घरी परतताना कळलं.
गानतुल्गानं तिथे चूक दुरुस्त केली नाही.
दुल्मानंही नाही.
ती कणकेचा गोळा उलटा करून
बराच वेळ दाबत राहिली.

सोमवारी आईला लिहिलं:
जेवण पोटभर मिळतं. टोपी घालतो.
इथे समुद्रावरून ट्रक जातात.
आईचं उत्तर आलं:
कानही झाक.

परवा शुक्रवारी, आम्ही ओरडायच्या आधीच,
दुल्मा फाटकाशी उभी होती.
एका हातानं कुत्र्याच्या मानेची कातडी धरलेली,
ते भुंकत नव्हतं, नुसतं वाकडं बघत होतं.
पायाशी डबे.
मागच्या वेळी दोन होते.
आज तीन.